परत लागलेले चित्रपट, न लागलेले चित्रपट

13 सप्टेंबर 2024 च्या शुक्रवारी करीना कपूरचा ‘द बकिंगहॅम मर्डर्स’ हा नवा कोरा चित्रपट थिएटरला लागला. त्याच दिवशी त्याच्यासमोर दोन जुने चित्रपट उभे होते : वीस वर्षांपूर्वीचा ‘वीर-झारा’ आणि सहा वर्षांपूर्वी येऊन गेलेला ‘तुंबाड’. पहिल्या दिवसाच्या गल्ल्यात ‘तुंबाड’ने नव्या चित्रपटाला मागे टाकले. 2018 मध्ये त्याचा सगळा मिळून जेमतेम 13 कोटींच्या आसपास धंदा झाला होता. दुसऱ्या फेरीत त्याने त्याच्या दुपटीहून जास्त कमावले.

ही एका चित्रपटाची नशीबकथा म्हणून सोडून देता आली असती. पण त्या वर्षी मे महिन्यात ‘रॉकस्टार’ परत आला होता, ऑगस्टमध्ये ‘लैला मजनू’, ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ आणि ‘रहना है तेरे दिल में’. 2025 उजाडताच ‘ये जवानी है दीवानी’ आणि ‘सत्या’ आले. 7 फेब्रुवारीला ‘सनम तेरी कसम’ लागला आणि 2016 मध्ये पडलेल्या या चित्रपटाने आपलीच जुनी कमाई काही दिवसांत ओलांडली. आता कुठल्याही आठवड्याची जाहिरात उघडा, दोन-चार जुनी नावे असतातच. ‘जुने ते सोने’ म्हणून त्यावर खूश होणे सोपे आहे. प्रश्न वेगळा आहे : परत कोण येते, कुणाच्या मर्जीने येते आणि कुठल्या अवस्थेत येते? या तीन प्रश्नांची उत्तरे पाहिली की आजची ही लाट चित्रपटकलेपेक्षा रिकाम्या खुर्च्यांची जास्त काळजी घेते, असे माझे मत झाले आहे.

जुना चित्रपट थिएटरात लागणे यात आपल्याकडे मुळात नवल नव्हते. धंद्याच्या भाषेत त्याला ‘रिपीट रन’ म्हणत. मुंबई-पुण्यात चित्रपट उतरला की त्याच्या प्रिंट जिल्ह्याच्या गावी जात, तिथून तालुक्याला, आणि शेवटी तंबू टॉकीजमधून जत्रेला. गावच्या प्रेक्षकाला चित्रपट दोन-चार वर्षांनी दिसे. त्याच्या लेखी तो नवाच असे. शहरात सकाळच्या मॅटिनीला कमी दरात जुने चित्रपट लागत. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनी असे कितीतरी मॅटिनी वर्षानुवर्षे भरवले. मुंबईच्या मराठा मंदिरात 1995 पासून चाललेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा त्याच मॅटिनी संस्कृतीचा उरलेला अवशेष आहे. त्याला विक्रम म्हणून मिरवले जाते, एवढाच फरक.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी प्रिंटची अवस्था जवळून पाहायला हवी. हजार फुटांचे एक रीळ दहा-अकरा मिनिटे चालते; अडीच तासांच्या चित्रपटाला अशी चौदा-पंधरा रिळे लागत. पत्र्याच्या पेट्यांतून ती गावोगाव फिरत. प्रोजेक्टरच्या दातात पट्टी अडकून तुटली की ऑपरेटर फाटलेल्या चौकटी कात्रीने कापायचा, दोन्ही टोके खरवडून सिमेंटने चिकटवायचा आणि खेळ पुढे चालू. प्रत्येक तुटण्यागणिक चित्रपट थोडा आखूड होई. शिवाय शेवटची एसटी चुकू नये म्हणून एखादे गाणे गाळले जाई ते निराळेच. शेवटच्या गावाला पोचेपर्यंत संवाद मध्येच उडी मारत, नायिकेच्या चेहऱ्यावर हिरव्या-पांढऱ्या रेघांचा पाऊस पडत असे. महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हा माहितीपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही सगळी खटपट आणि तिच्यामागची माणसे डोळ्यांसमोर येतील. म्हणजे जुन्या रिपीट रनमध्ये चित्रपट सगळीकडे पोचायचा, पण झिजत झिजत.

ही साखळी तोडली ती आधी दूरदर्शनने आणि व्हिडिओने. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट घरबसल्या दिसू लागल्यावर मॅटिनीला कोण जाणार? मग केबल आली, सीडी आली. 2010 च्या आगेमागे थिएटरे डिजिटल झाली आणि प्रिंट नावाची वस्तूच गेली. आता चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो आणि ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळेत चालणाऱ्या किल्लीने उघडतो. नवी प्रिंट काढायचा हजारोंचा खर्च वाचला, पेट्यांची ने-आण थांबली. जुना चित्रपट परत लावणे धंद्याच्या दृष्टीने इतके स्वस्त कधीच नव्हते. कायद्यानेही वाट मोकळी केली : 2023 च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरचे प्रमाणपत्र कायमचे ग्राह्य धरले जाते.

त्यात गरज उभी राहिली. करोनाच्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातली थिएटरे 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली तेव्हा प्रेक्षकाला घरच्या पडद्याची सवय लागली होती. 2024 च्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक आणि आयपीएल यांच्या धास्तीने मोठे निर्माते मागे सरले. वातानुकूलित सभागृहाचे भाडे आणि वीजबिल मात्र दर महिन्याला येतेच. अशा वेळी प्रसिद्धीवर पैसा न घालता चालेल असा माल हवा होता. तो कुठून निवडायचा? उत्तर मोबाइलमध्ये तयार होते. ज्या चित्रपटाची गाणी रील्सवर फिरतात, ज्याचे संवाद मीम झाले आहेत, तो लावायचा. जुन्या काळी निवड वितरकाच्या गोदामात कुठल्या पेट्या पडून आहेत यावर ठरे. आज ती आकडेवारीवर ठरते. त्यामुळे जो चित्रपट प्रेक्षकाच्या हातात आधीच आहे, नेमका तोच थिएटरात परत येतो.

या नियमाला अपवाद वाटावा असा, आणि म्हणूनच जवळून बघण्यासारखा चित्रपट ‘तुंबाड’ हाच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हा लेखक-नाटककार अनिल बर्वे यांचा मुलगा. कथेमागे नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देणारे. चित्रपट हिंदी, पण त्यातले वाडे, सोवळे, विधवांचे मुंडन आणि सततचा पाऊस आपल्याच मातीतला. 2018 मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. इकडे मात्र एक आठवडा आधी ‘अंधाधुन’ आणि एक आठवडा नंतर ‘बधाई हो’ लागल्याने त्याला पडदे मिळाले ते थोडे आणि तेही अडनिड्या वेळचे. नंतर लोकांनी तो मोबाइलवर पाहिला आणि तिथे त्याचे नाव झाले.

पण मोबाइलवर ‘तुंबाड’ अर्धाच दिसतो. त्याचे छायाचित्रण अंधाराच्या थरांवर उभे आहे. वाड्यातल्या खोलीत एकच कंदील, त्याच्या उजेडाच्या कडेला म्हातारीचा आकार, आणि त्या पलीकडे काहीतरी आहे की नाही याची खात्री न देणारा काळोख. पाच इंची काचेवर, उजेडाच्या खोलीत, हे तिन्ही थर एकच काळपट पट्टा होतात. प्रेक्षक ब्राइटनेस वाढवतो आणि भीती निघून जाते. नायक विनायक दोर धरून विहिरीतून गर्भगृहात उतरतो, पिठाने वर्तुळ आखतो, पिठाची बाहुली पुढे करतो, त्या प्रसंगात चहूकडच्या लाल मांसल भिंती धडधडत असतात. थिएटरात ती धडधड पाठीच्या कण्यात जाणवते आणि प्रेक्षक स्वतःच त्या वर्तुळात बसल्यासारखा होतो. दुसऱ्या फेरीत गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना गोष्ट पाठ होती; चित्रपट त्यांनी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. पुनःप्रदर्शनाचे समर्थन करायचे तर ते या एका मुद्द्यावर करावे : थिएटरसाठी घडवलेली आणि थिएटरात न भेटलेली कलाकृती तिच्या जागी भेटवणे.

‘लैला मजनू’ला याच न्यायाने दुसरी संधी मिळाली. मल्याळममध्ये सिबी मलयिल यांचा ‘देवदूतन’ 2000 मध्ये कोसळला होता. 2024 मध्ये तो नव्या रूपात आला आणि चालला. उशिरा मिळालेला न्याय म्हणून या उदाहरणांचे मोल आहे. पण यादी पुढे वाचली की प्रमाण लक्षात येते. बाकीचे बहुतेक चित्रपट पहिल्या वेळीच गाजलेले, वाहिन्यांवर शेकडो वेळा दाखवलेले आहेत. तमिळमध्ये विजयचा ‘गिल्ली’ (2004) एप्रिल 2024 मध्ये परत लागला, तेलुगूत महेश बाबूच्या वाढदिवशी ऑगस्ट 2022 मध्ये ‘पोकिरी’चे खेळ झाले. तिथे लोक चित्रपट बघायला जात नाहीत. तो एकत्र म्हणायला जातात. पडद्यासमोर नाच, प्रत्येक संवादाला कोरस, कधी फटाकेही. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. सामूहिक आनंद हाही थिएटरचा धर्मच आहे. मात्र त्याला चित्रपटाचे पुनर्मूल्यमापन म्हणू नये. ते नटाचे आणि आपल्या तारुण्याचे पूजन आहे.

तिसरा वर्ग जतन करून आणलेल्या चित्रपटांचा, आणि खरी गुणवत्ता इथे दिसते. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ऑक्टोबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन यांचे 11 चित्रपट 17 शहरांत दाखवले, त्यानंतर दिलीपकुमार, देव आनंद आणि डिसेंबर 2024 मध्ये राज कपूर यांची शताब्दी साजरी केली. राज कपूरच्या वेळी तिकीट 100 रुपये ठेवले होते. याच संस्थेने श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ दुरुस्त केला. 5 लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला, विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा, गोविंद निहलानींच्या छायाचित्रणाचा आणि स्मिता पाटील यांचा हा चित्रपट मे 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनच्या पहिल्या दोन दिवशी देशभरच्या थिएटरांत. तो कुणाच्या रील्सवर फिरत नव्हता. तरी लोक गेले.

‘शोले’ची कथा तर जतनाचा धडाच आहे. मूळ निगेटिव्ह इतके खराब झाले होते की त्यावरून काही करणे शक्य नव्हते. लंडनच्या गोदामात ठेवलेले साहित्य शोधून काढून त्यावरून काम झाले. 70 एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, जागेवर परत आला. जून 2025 मध्ये बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात आणि डिसेंबरमध्ये भारतात हा ‘शोले’ लागला. ज्यांना तो तोंडपाठ होता त्यांनाही यात न पाहिलेले काही मिळाले. जून 2025 मध्ये आलेला मुझफ्फर अलींचा ‘उमराव जान’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या 35 एमएम प्रिंटवरून तयार झाला. ऑगस्टमध्ये गुरुदत्त यांच्या शताब्दीनिमित्त ‘प्यासा’ आणि इतर चित्रपट आले. एखादी प्रिंट वेळेवर कपाटात ठेवली की पन्नास वर्षांनी काय होऊ शकते, ते यातून दिसते.

अडचण अशी की जाहिरातीत हे सगळे एकाच शब्दाखाली खपते : ‘4के’. निगेटिव्हवरून चौकट न् चौकट साफ केलेला ‘मंथन’ आणि टीव्हीसाठी केलेली जुनी फाइल ताणून मोठी केलेला एखादा चित्रपट, दोन्ही 4के. ताणलेल्या प्रतीत चेहरे मेणाचे दिसतात, कारण फिल्मचे दाणे घालवताना त्वचेचा पोतही घालवलेला असतो. पन्नासच्या दशकाआधीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी चित्रित झाले. आजचा रुंद पडदा भरावा म्हणून त्यांची डोकी आणि पाय कापले जातात, तेव्हा छायाचित्रकाराने मोजूनमापून केलेली रचना उद्ध्वस्त होते. मोनो ध्वनिपट पाच दिशांत वाटताना कुणीतरी मागाहून पावलांचे आणि वाऱ्याचे आवाज भरतो. 2004 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा वाद झाला होता. तरी तिथे बदल उघडपणे सांगितलेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ परत आली तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शेवटच बदललेला होता. मेलेला नायक डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला, चित्रपट तरीही लागला. हक्क ज्याच्याकडे त्याला चित्रपटाचा अर्थही बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. ‘शोले’चा शेवट आणि ‘रांझणा’चा शेवट यांत फरक हाच : एकात काढून घेतलेले दिग्दर्शकाला परत मिळाले, दुसऱ्यात त्याचे होते ते काढून घेतले.

आणि या सगळ्या गर्दीत मराठी चित्रपट कुठे आहे? तिकीट लावून राज्यभर परत आलेल्या मराठी चित्रपटांची ठळक नावे आठवायची तर शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ 2016 मध्ये डिजिटल होऊन आला, ‘सैराट’ मार्च 2025 मध्ये आला. ‘सैराट’ सर्वांनी पाहिलेलाच होता. ‘सामना’ला 2025 मध्ये 50 वर्षे झाली. ‘सिंहासन’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’ यांच्याविषयी आपण कितीतरी लिहितो, पण चाळिशीच्या आतल्या किती मराठी माणसांनी ते थिएटरात पाहिले असतील? मुंबईचे प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब यांनी ही जबाबदारी अनेक वर्षे वाहिली. पण सभासदांसाठीचा एक खेळ म्हणजे सांगली, लातूर किंवा अकोल्याच्या थिएटरात तिकीट काढून पाहणे नव्हे.

कारणे ठाऊक असलेलीच आहेत. मराठी निर्माता बहुधा एक-दोन चित्रपटांचा धनी. घर गहाण टाकून चित्रपट काढला, नंतर हक्क एकरकमी विकले. निगेटिव्ह प्रयोगशाळेत राहिले आणि फिल्मचा जमाना संपल्यावर प्रयोगशाळाच बंद झाल्या. वारसांना हक्काचे कागद सापडत नाहीत, ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्याकडे प्रत नाही. मात्र हे कारण सगळ्यांना लागू नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. त्या हिशेबाने ‘संत तुकाराम’ (1936) किंवा ‘श्यामची आई’ (1953) दाखवायला आज कुणाची अडकाठी असायचे कारण नाही. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, तेव्हाच्या मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आपण सगळे ओळखतो. पण नवऱ्याला आणि विठोबालाही एकाच दमात फैलावर घेणारी, त्या चित्रपटाला जमिनीवर ठेवणारी गौरीची आवली मोठ्या पडद्यावर किती जणांनी पाहिली? ज्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनी होती, 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्या शहरात तरी हा चित्रपट आषाढी वारीच्या आठवड्यात दरवर्षी चार थिएटरांत लागायला हवा होता. त्यासाठी लागते ती चांगली डिजिटल प्रत आणि ती वाजवी दरात देणारी व्यवस्था. भावनिक आवाहनांनी ती होणार नाही.

मराठी रंगभूमीला यातले मर्म कधीच कळले आहे. जुने नाटक नव्या संचात काढणे हा आपल्याकडे नित्याचा भाग. सुनील बर्वे यांच्या ‘हर्बेरियम’ या उपक्रमाने पाच जुनी नाटके प्रत्येकी 25 प्रयोगांपुरती काढली आणि तो आकडा आधीच जाहीर केला. मर्यादा ठाऊक असल्यामुळे प्रेक्षक धावत गेला. चित्रपटाला हे जास्त सोपे आहे. नट जमवायचे नाहीत, तालमी नाहीत. महिन्यातला एक ठरलेला रविवार, सकाळचा एक खेळ, सहा जिल्ह्यांतली सहा थिएटरे, आधी जाहीर केलेले बारा चित्रपट. एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सकाळच्या खेळाला मल्टिप्लेक्सची सभागृहे तशीही ओसच असतात.

त्याला अडसर आहे तो थिएटरच्या मनोवृत्तीचा. फेब्रुवारी 2025 मध्ये आयमॅक्सवर परत आलेला नोलानचा ‘इंटरस्टेलर’ भरून चालला असताना नवा ‘छावा’ येताच एका आठवड्यात बाजूला सारला गेला. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर मार्चमध्ये पुन्हा लावला. म्हणजे जुना चित्रपट हा थिएटरच्या लेखी राखीव खेळाडू : नवा जखमी असला की मैदानात, नाहीतर बाकावर. नोलानच्या चित्रपटाला ओरडणारे चाहते होते म्हणून तो परतला. ‘सामना’साठी कोण ओरडणार?

इथे आम्ही लिहिणाऱ्यांचेही काम आहे. पुनःप्रदर्शनाच्या बातम्या कमाईच्या आकड्यांनी भरलेल्या असतात. प्रतीची समीक्षा क्वचित होते. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की मजकूर कुठल्या आवृत्तीवरून घेतला, संपादकाने काय बदलले, हे आपण विचारतो. चित्रपटाबाबतही तेच विचारावे. प्रत निगेटिव्हवरून की प्रिंटवरून, चौकट मूळची की कापलेली, ध्वनीत काय भरले, दिग्दर्शकाची किंवा छायाचित्रकाराची संमती होती का? हे चार तपशील पोस्टरवर छापणे बंधनकारक केले तर 4के शब्दामागे लपणे आपोआप थांबेल.

दुसऱ्या फेरीचे यश मोजायचे माप बदलायला हवे. आवडता चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यांच्या गर्दीने थिएटरचे एक वर्ष निघेल, पण त्या यादीत नवे नाव भरत नाही आणि ती पाच वर्षांत संपेल. परत लागलेला चित्रपट किती जणांना पहिल्यांदाच भेटला, या आकड्यावर ही चळवळ टिकायची की विरायची ते ठरेल. 2024 ने ‘तुंबाड’च्या रूपाने हे घडू शकते एवढे दाखवून दिले. महाराष्ट्राकडे संग्रहालय आहे, हक्क संपलेले चित्रपट आहेत, सकाळी रिकामी पडलेली सभागृहे आहेत. या तिघांची गाठ घालून देणारा वितरक तेवढा अजून पुढे यायचा आहे.